बॉल हलवलाय का?

माझ्या पिशवीत बारा महिने स्वेटर असतो. कोपरीहून ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्सहार्बरने रबाळे. मे महिन्यात गाडीत घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि मी पिशवीतून पाण्याची बाटली काढायला गेले की आधी लोकर बाहेर येते. एकदा समोरच्या बाईंनी न राहवून विचारलंच, "तुमचं ऑफिस काय महाबळेश्वरला आहे का हो?"

महाबळेश्वरच म्हणायचं. टीटीसी एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपच्या कोपऱ्यात काचेची खोली आहे, तिथे काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर आमची सीएमएम उभी आहे. कोऑर्डिनेट मेझरिंग मशिन. खोलीत होळी असो की दिवाळी, तापमान २० अंश. लांबी सांगायची ती २० अंशांवरची, असं १९३१ सालीच आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरून गेलंय, कारण धातू उन्हाने फुगतो. ३०० मिलिमीटर लांबीचं अॅल्युमिनियमचं हाउसिंग ३० अंशांवर असेल, तर ते २० अंशांवर असतं त्यापेक्षा जवळजवळ ७० मायक्रॉनने लांब भरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका केसाच्या जाडीएवढं. आमच्याकडे भांडणं १५ मायक्रॉनवरून होतात. म्हणून शॉपमधून आलेला जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, आधी नुसता ठेवून द्यायचा, निवू द्यायचा. उन्हाळ्यात जॉबबरोबर माणसंही निवायला येऊन बसतात. त्यांना मी हाकलत नाही, दार तेवढं लोटून घ्यायला लावते.

मशिन दिसायला सोपी. टेबलावरून पुढेमागे सरकणारी एक कमान, कमानीवर आडवा सरकणारा गाडा, गाड्यातून खालीवर होणारा खांब. हे सगळं हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून घासत नाही. तिन्ही दिशांना मोजपट्ट्या. आणि खांबाच्या खाली प्रोब, प्रोबला सुई, सुईच्या टोकाला रुबीची बारीक गोळी. रुबी म्हणजे खरोखरचा माणिक, फक्त खाणीतला नाही, कारखान्यात वाढवलेला. घरी हे एकदा बोलता बोलता सांगितलं, तर सासूबाईंनी लगेच विचारलं, "मोडला तर घरी आणता येतो का?" त्यांच्या पत्रिकेत रवी कमजोर आहे.

सुई जॉबला टेकते, टिक असा आवाज होतो, प्रोब धरणाऱ्या हेडवरचा छोटा दिवा लुकलुकतो आणि त्या क्षणी मशिन तिन्ही पट्ट्या वाचते. असे टिक टिक करत पॉइंट गोळा करायचे आणि त्यांतून भोक, पातळी, कोन बांधायचे. ही टिक करणारी प्रोब १९७२ साली डेव्हिड मॅकमर्ट्री या इंजिनिअरने बनवली. तो तेव्हा रोल्स-रॉइसमध्ये होता. कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातले इंधनाचे बारीक पाइप मोजायचे होते आणि हाताने दाबून धरायच्या ताठ प्रोबने ते नेमके मोजता येत नव्हते. त्याने सुईला आत तीन छोट्या दांड्या दिल्या आणि प्रत्येक दांडी दोन गोळ्यांच्या बेचक्यात बसवली. म्हणजे टेकायला बरोबर सहा जागा. या सहा जागांतून वीज फिरत असते. सुईला धक्का लागला की एखादी जागा किंचित उचलते, विजेची वाट अडते आणि मशिनला समजतं. धक्का गेला की स्प्रिंग सुईला परत त्याच सहा जागांवर बसवते. तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही, त्यातलाच हा प्रकार. पुढच्या वर्षी, १९७३ला, त्यातूनच रेनिशॉ कंपनी उभी राहिली. मला या सगळ्यात आवडतं ते त्या सुईचं उठून पुन्हा जागच्या जागी येऊन बसणं. दिवसातून हजारदा.

मी शिकले मात्र या मशिनवर नाही. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बोअर गेज यांच्यावर शिकले. त्या इमारतीच्या जागी आता निळ्या काचांचं आयटी पार्क आहे आणि गेटवर कुत्र्यांना बिस्किटं घालणारी मुलं गळ्यात पट्टे लावून उभी असतात. आमचे सीनियर इन्स्पेक्टर होते, त्यांना सगळे काका म्हणत. काका स्वतःचा मायक्रोमीटर कुणाला देत नसत, सख्ख्या भावालाही दिला नसता. ते त्याला रोज सकाळी स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर, लावून बघायचे, मगच चहा. कंपनीने पहिली सीएमएम आणली तेव्हा सेल्सवाल्या मुलाने टाय सावरत तासभर माहिती दिली. काका शेवटपर्यंत गप्प. मग त्यांनी एकच विचारलं, "हिला सांगतं कोण, हिची सुई केवढी आहे ते?"

सगळे हसले. तो मुलगा मात्र हसला नाही, कारण त्याला पुढची दोन तासांची ट्रेनिंग नेमकी त्याच प्रश्नावर द्यायची होती.

मशिनला स्वतःची सुई दिसत नाही. तिला फक्त स्वतःच्या पट्ट्या वाचता येतात. खाली लोंबणारी सुई २० मिलिमीटरची आहे की ५०ची, रुबी २ मिलिमीटरची की ५ची, सरळ आहे की किंचित वाकडी, यातलं काही तिला माहीत नसतं. ते कळावं म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात एक मास्टर बॉल रोवलेला असतो. सिरॅमिकचा पांढरा गोळा, साधारण २५ मिलिमीटरचा. तो २५च असतो असं नाही, त्याच्या सर्टिफिकेटवर चार दशांश स्थळांपर्यंत जे लिहिलंय तेवढा असतो. ते सर्टिफिकेट कुठल्यातरी प्रयोगशाळेचं, त्या प्रयोगशाळेची मापं आणखी वरच्या प्रयोगशाळेशी ताडलेली, असं करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथून पुढे प्रकाशाच्या वेगापर्यंत, कारण १९८३पासून मीटरची व्याख्या तीच आहे. रबाळ्यातल्या आमच्या टेबलावरचा तो पांढरा बॉल म्हणजे या साखळीची शेवटची कडी. पेढ्यापेक्षा लहान असेल.

सुई या बॉलला चहूकडून शिवते. कमीत कमी पाच पॉइंट, आम्ही १३ घेतो, नाजूक काम असेल तर २५. बॉल केवढा ते माहीत आहे, शिवताना पट्ट्यांनी काय वाचलं ते माहीत आहे, वजाबाकी केली की सुई कळते. काकांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

या वजाबाकीतून येणारा आकडा नव्या मुलांना नेहमी चकवतो. २ मिलिमीटरची रुबी कॅलिब्रेट केली की स्क्रीनवर १.९८ आणि काहीतरी येतं. "मॅडम, रुबी झिजली का?" झिजलेली नसते. सुई टेकल्यापासून ती सहा जागांवरून उचलेपर्यंत मशिन थोडी पुढे गेलेली असते, सुईचा दांडाही केसभर वाकलेला असतो. तेवढं अंतर रुबीच्या मापातून आपोआप कापलं जातं. हा आकडा खोटा नव्हे, कामाचा आहे. जॉब मोजतानाही सुई तेवढीच उशिरा बोलणार, म्हणून हिशेब जुळतो. मात्र जॉब ज्या वेगाने शिवणार त्याच वेगाने बॉल शिवला पाहिजे. घाईत वेग बदलणाऱ्या एका मुलाला मी हे चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा त्याने दुसरी नोकरी धरली.

काम एका सुईत कधीच भागत नाही. हेड ७.५ अंशांच्या टप्प्यांनी वळतं, सुई सरळ खाली, आडवी डावीकडे, आडवी उजवीकडे, कशीही उभी राहते. शिवाय बाजूला रॅक असतो, त्यात वेगवेगळ्या सुया लावलेली मॉड्यूलं आपापल्या घरात बसलेली असतात. मशिन स्वतः जाऊन हातातलं मॉड्यूल एका घरात ठेवते आणि दुसऱ्यातलं उचलते. ते चुंबकाने चिकटतं, तिथेही तशाच तीन-पायी बैठकीवर, आणि पुन्हा लावलं तर मायक्रॉनभराच्या फरकाने त्याच जागी बसतं. आमच्या गिअरबॉक्स हाउसिंगला वरचा फेस आणि डॉवेलची, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनांची, दोन भोकं आखूड सुईने मोजायची, खोल बेअरिंग बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं मोठं भोक, लांब सुईने. मग त्या बोअरचं अंतर त्या डॉवेलपासून सांगायचं. म्हणजे एका सुईने पाहिलेली गोष्ट दुसरीने पाहिलेल्या गोष्टीशी जोडायची. या दोघी एकमेकींना कधी भेटत नाहीत. एक खांबाला असते तेव्हा दुसरी रॅकमध्ये. दोघींमध्ये समाईक असं एकच, तो बॉल. दोघींनीही शिवलेला, आणि मधल्या काळात जागचा न हललेला.

म्हणून रीत अशी, की एक सुई थोरली मानायची. आमच्याकडे आखूड, जाड दांड्याची, सरळ खाली बघणारी. आधी थोरलीने बॉलला शिवायचं आणि बॉल कुठे आहे ते ठरवायचं. मग बाकीच्यांनी त्या जागेच्या भरवशावर स्वतःला ओळखायचं. आणि प्रत्येक वेळी कॅलिब्रेशन सुरू करताना सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं, मास्टर बॉल हलवला आहे का? ‘हो’ म्हटलं तर हाताने जॉयस्टिकवर सुई नेऊन बॉलला वरून एक टच द्यावा लागतो. ‘नाही’ म्हटलं तर मशिन आपली आपण सुरू होते. हा प्रश्न ती मला विचारते कारण तिला स्वतःला ते कळण्याचा कुठलाही मार्ग नाही. मी तो इतक्या वेळा पाहिला होता की मला तो दिसेनासा झाला होता. कुकी स्वीकारा, अटी मान्य आहेत, बॉल हलवलेला नाही.

आमच्या शॉपमध्ये मशिनची पूजा वर्षातून दोनदा होते. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा, कारण निम्मी पोरं उत्तरेकडची आहेत, आणि खंडेनवमीला आमची. खंडेनवमीला प्रत्येक व्हीएमसीला, म्हणजे धातू कापणाऱ्या मशिनला, झेंडूची माळ, पॅनेलवर स्वस्तिक, व्हाइसपुढे नारळ. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की सीएमएमलाही नटवायचं. मी म्हटलं, कमानीला काही बांधायचं नाही, माळ खाली स्टँडच्या पायाला बांधा, हळदकुंकू टेबलाच्या कडेला एक बोट, बास. आणि ट्रेनीला सांगितलं, "टेबल नीट पूस रे, आज लक्ष्मी आहे ती." मग मी पेढे वाटायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्याच्या पुढच्या सकाळी त्याच ट्रेनीने प्रोग्राममध्ये उंची चुकीची टाकली आणि लांब सुई हाउसिंगच्या भिंतीवर जाऊन कट्‌कन मोडली. होतं असं. नवी सुई लावली, आयपीए अल्कोहोलने रुबी पुसली, स्क्रू आवळला. बाहेर १८ हाउसिंग निवत पडलेली, डिस्पॅचवाला दर दहा मिनिटांनी काचेतून डोकावत होता. आखूड सुईला काही झालेलं नव्हतं. मग थोरलीने पुन्हा बॉल शिवायचा कशाला? मी फक्त लांब सुई कॅलिब्रेट करायला घेतली. प्रश्न आला. मी ‘नाही’ दाबलं. मी बॉल हलवलेला नव्हता, हे अगदी खरं होतं.

निकाल असा सुंदर आला की फोटो काढावा. १३ पॉइंटांतला विखुरलेपणा जेमतेम एक मायक्रॉन. येणारच. बॉल गोल आहे आणि केवढा आहे ते कॅलिब्रेशन तपासतं. तो कालच्या जागी आहे का, हे नाही.

१८ पैकी १८ जॉब रिजेक्ट झाले. बोअरचा व्यास उत्तम, गोलपणा उत्तम, पण डॉवेलपासूनची पोझिशन ०.०८ मिलिमीटरची मुभा असताना ०.१०च्या वर. पोझिशनचा आकडा सरकण्याच्या दुप्पट असतो, म्हणजे प्रत्येक बोअर साधारण ५० मायक्रॉन सरकलेलं, सगळी एकाच दिशेला. मी लाल टॅग लावले आणि शॉपच्या सुपरवायझरना बोलावलं. त्यांना सगळे दादा म्हणतात. तीस वर्षं लेथपासून वर आलेला माणूस.

"मॅडम, माझं फिक्सचर हललेलं नाही." फिक्सचर म्हणजे कापताना जॉब घट्ट धरणारी पकड.

"रिपोर्ट बघा ना, दादा."

"रिपोर्ट बघितला. फिक्सचरपण बघितलं. डायल लावून बघितलं."

"मग टूल बघा. सगळी एकाच बाजूला जातायत, म्हणजे तुमचा ऑफसेटच चुकलाय."

मी हे ज्या आवाजात बोलले तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्यामागे ग्रॅनाइट होतं, सर्टिफिकेट होतं, चार दशांश स्थळं होती. त्यांच्यामागे काय, तर तेलकट डायल. ते गेले आणि ऑफसेट, म्हणजे मशिनला सांगितलेली टूलची जागा, ५० मायक्रॉनने सरकवून त्यांनी पुढची ११ हाउसिंग काढली. ती मी मोजली. सगळी मध्यावर, देखणी. हिरवे टॅग लावले आणि मनात म्हटलं, बघा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आले, हातात जुनं रिसीव्हर गेज. पूर्वी सीएमएम नव्हती तेव्हा याच हाउसिंगसाठी बनवलेलं. एक जाड प्लेट, दोन डॉवेलच्या पिना आणि बोअरसाठी मोठा प्लग. पोझिशन मुभेत असेल तर तिन्ही एकदम आत जाणार, नसेल तर नाही. आकडा काही सांगत नाही. दादांनी लाल टॅगचा जॉब घेतला आणि गेज वर ठेवलं. खट्‌कन बसलं. दुसरा लाल, बसलं. मग हिरव्या टॅगचा घेतला. पिना गेल्या, प्लग काठावर अडून राहिला. त्यांनी जोर केला नाही. गेज तसंच तिरकं ठेवून ते स्टुलावर बसले, स्वेटर नसल्यामुळे हाताची घडी घालून.

"आता सांगा."

मी काही सांगितलं नाही. आखूड सुई लावली आणि मास्टर बॉलच मोजला, जॉब मोजावा तसा. मध्याचे आकडे लिहून घेतले. मॉड्यूल बदललं, लांब सुईने तोच बॉल मोजला. एकाच बॉलचा मध्य दोन्ही सुयांनी दोन-तीन मायक्रॉनच्या आत एका जागी दाखवायला हवा. एका दिशेला फरक आला ५२ मायक्रॉन.

थोरली बॉलच्या जुन्या जागेवर विसंबून होती. लांब सुई त्याच बॉलच्या नव्या जागेला जुनी समजून शिकली होती. दोघींनी जे जे एकटीने मोजलं ते सगळं बरोबर होतं.

ट्रेनीला हाक मारली. तो आला, बॉलकडे बघितलं आणि लगेच म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, नीट पूस. बॉलच्या बुडाशी कपडा जात नव्हता, म्हणून काढून पुसलं. परत फिट बसवलाय, एकदम टाइट." मी पान्याने बॉलचा खांब सोडवला. बुडाखाली, ग्रॅनाइट आणि स्टीलच्या मधे, कुंकवाचे दोन-चार कण चिकटलेले होते. तेवढ्याने खांब अगदी किंचित कलला होता आणि वर बॉल ५२ मायक्रॉन. आम्ही तिघे त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिलो. दादांनी चप्पल काढलेली नव्हती, ती का कोण जाणे त्या वेळी काढली.

१८ जॉब सुटले. ११ गेले, कारण चुकीच्या जागी पाडलेलं बोअर पुन्हा बुजवता येत नाही. मग तो कागदी सोपस्कार, पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारणापर्यंत जायचं. पाचव्या ‘का’ला आम्ही देवापाशी पोचलो होतो, म्हणून मॅनेजरनी चौथ्यावरच सही केली. मी कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव घालायला गेले, तर फॉर्ममध्ये माणसाचं नाव लिहायची पद्धत नाही म्हणाले, प्रक्रियेचं लिहा. लिहिलं. दादांची माफी मी फॉर्मबाहेर मागितली, त्यांच्या व्हीएमसीपाशी जाऊन, मुलं आजूबाजूला असताना, कारण तो आवाज मी मुलांसमोरच लावला होता. ते म्हणाले, "अहो, मीपण ऑफसेट फिरवायला नको होता. डायल सांगत होता ना मला." आणि कूलंटचा पाइप सरळ करायला लागले.

आता बॉलच्या बुडापासून ग्रॅनाइटवर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढलेली आहे. बुडखा जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पण नुसत्या कलण्याने रेघ तुटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कुठलीही सुई बदलली, मग बाकीच्या सुया कितीही धडधाकट असोत, सुरुवात थोरलीपासून. ‘हो’ दाबायचं, जॉयस्टिक हातात घ्यायची, रुबी हळूहळू बॉलच्या डोक्यावर आणायची. नंतर सगळ्या सुयांनी बॉल मोजून मध्य ताडून बघायचा. वीस-पंचवीस मिनिटं जातात. डिस्पॅचवाला काचेतून डोकावतो. त्याला मी चहा पाठवते.

दादा गेल्या वर्षी रिटायर झाले आणि साताऱ्याकडे गावी गेले. दसऱ्याला सकाळी सातच्या आत त्यांचा मेसेज आला, आपट्याच्या पानाचं चित्र, खाली ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’. मी हात जोडलेले पाठवले. दोन मिनिटांनी पुन्हा फोन वाजला.

‘मॅडम, काल पूजा झाली असेल. बॉल हलवलाय का?’